अकराव्या दिवसाची साक्ष

आशाबाई त्रिभुवन साक्ष द्यायला उभी राहिली, त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं दारू सोडल्याला अकरा दिवस झाले होते. अकरा तिच्या मोजणीनं. काकासाहेबांच्या मोजणीनं दहाच, कारण पहिल्या दिवशी आदल्या दिवसाची उतरायची होती आणि तो दिवस त्यांनी धरलाच नव्हता. माणूस असा चोख. दारू पितानाही चोख होते, सोडतानाही.

पण ही साक्ष कुठून आली, ते आधी सांगायला हवं.

आशाबाईचे वडील वैजापूरकडच्या एका वस्तीवर मिशनचे मास्तर होते. सायकलवर चार गावं फिरून लिंबाखाली पोरांना प्रार्थना शिकवायच्या, फादर महिन्यातून एकदा मिस्सेची उपासना करायला येत तेव्हा माणसं गोळा करायची, कुणी गेलं तर फादर येईपर्यंत जपमाळ म्हणायची, हे त्यांचं काम. त्यांच्या घरात प्रार्थना म्हणजे गुडघे जमिनीला, हात जोडलेले, शब्द पुस्तकातले आणि आवाज शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच. कुणी जोरात म्हणायला लागलं की मास्तर विचारत, "देवाला ऐकायला कमी येतं व्हय रे?" आशा दहावी झाली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन बजाजनगरला आली आणि ती खालच्या पट्टीतली प्रार्थना तिच्याबरोबर आली.

काकासाहेब तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. बजाजनगरात कॅथलिक घरं उणीपुरी पंधरा. चर्च नव्हतं. कुणाच्या तरी गच्चीवर मिस्सा व्हायची आणि पेटी वाजवायला काकासाहेब असायचे. गावच्या गायनमंडळात शिकलेले; सूर गोड, हात हलका. लग्नात आशाबाईनं त्यांचं तोंड नीट पाहिलं नव्हतं, पण पहिल्याच नाताळात गच्चीवर त्यांचा उजवा हात पट्ट्यांवरून फिरताना पाहिला, आणि आपलं बरं झालं असं तिला वाटलं.

त्याच हाताची मधली दोन बोटं पुढं प्रेसखाली गेली. कंपनीनं काही दिलं, काही दिलं नाही, दोन वर्षांनी कामावरूनही कमी केलं. नंतर चितेगावच्या एका गोदामावर गेटवर बसायची नोकरी मिळाली. पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. लोक म्हणायचे, बोटं गेली म्हणून माणूस दारूला लागला. आशाबाईला माहीत होतं की एवढं सरळ नव्हतं. पगाराच्या दिवशी ते आधीही घ्यायचे. आता रोज घेऊ लागले, एवढंच.

मारणं नव्हतं, शिव्या नव्हत्या. संध्याकाळी पायरी पायरी मोजत यायचे आणि घराच्या ओट्यावर बसायचे, आणि तिथून उठून आत यायचं त्यांना जमायचं नाही. मग एका बगलेत आशाबाई, दुसऱ्या बगलेत मुलगी मोनिका. त्या वेळी समोरच्या घरातली मंडळी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. कुणी हसलं असतं तर आशाबाईनं दोन शब्द सुनावले असते. त्या पडद्याला काय सुनावणार?

तर अशात मे महिन्यात शेजारच्या लीलाबाईनं तिला नाशिककडच्या एका रिट्रीटला, पाच दिवसांच्या प्रार्थना-शिबिराला, नेलं. लीलाबाई साठीची, विधवा, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं ठणठणीत. "पाच दिवस आयतं खायला मिळतंय, चल. देव भेटला तर भेटला," एवढंच तिचं निमंत्रण. तिथं मोठ्या मांडवात हजार-दीड हजार माणसं हात वर करून, मोठमोठ्यानं, जो तो आपल्या शब्दांत प्रार्थना करत होता. पहिले दोन दिवस आशाबाई मास्तरांच्या पोरीसारखी हात जोडून बसली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या आतलं काहीतरी सुटलं. वडील गेले तेव्हा रडली नव्हती एवढी ती रडली. जीभ आपोआप हलायला लागली, शब्द नसलेलं काहीतरी बोलायला लागली. लाजही वाटत होती आणि अंग पिसासारखं हलकंही झालं होतं. ते काय होतं, हे तिला पुढंही कुणाला सांगता आलं नाही. पण ते खरं होतं, यावर ती आजही ठाम आहे.

शेवटच्या दिवशी तिथल्या उपदेशकानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, जे मागितलं ते मिळालंच असं धरून देवाचे आभार आधी मानायचे, हाच विश्वास. दोन, देवानं केलेलं चारचौघांत उभं राहून सांगायचं, म्हणजे साक्ष द्यायची. जो साक्ष द्यायला लाजतो त्याची कृपा आटते. आशाबाईनं वहीत दोन्ही लिहून घेतलं. बसमध्ये लीलाबाई झोपली आणि ही वही मांडीवर घेऊन जागी राहिली. बजाजनगरात असा प्रार्थनेचा गट सुरू करायचा, हे तिनं येवला यायच्या आत ठरवलं होतं.

चर्च आता झालेलं होतं. मोठे फादर गंगापूरकडचे, अंगानं जड, साखरेचे पेशंट आणि सावध. त्यांनी ऐकून घेतलं. आपली माणसं तशीही कुठल्या कुठल्या पत्र्याच्या सभागृहात टाळ्या वाजवायला जातात, त्यांना इथंच काही मिळालं तर आपली ना नाही, असं ते म्हणाले. पण अटी घातल्या. शुक्रवारी चार ते साडेपाच, पोरांच्या धर्मशिक्षणाच्या खोलीत. दारं-खिडक्या उघड्या. भोंगा नाही. बाहेरचा उपदेशक नाही. आपल्या धर्माबाहेरचं कुणी आलं तर आधी फादरांना सांगायचं. दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. "आणि तीन महिने बघू. वीस माणसं टिकली तर पुढं. नाहीतर ती खोली मला पोरांना लागते."

वीस माणसं म्हणजे काय मोठं, असं तिला वाटलं होतं.

पहिल्या शुक्रवारी पाच बाया आल्या. सतरंजीवर पदर सावरून, मिस्सेला बसतात तशा ओळीनं बसल्या. आशाबाईनं हात वर केले. कुणीच केले नाहीत. मग लीलाबाईनं एकच हात वर केला, तर शेजारची म्हणाली, "काय विचारायचंय का तुम्हाला?" सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. मोठ्यानं प्रार्थना करा म्हटलं की त्या 'आमच्या स्वर्गातील बापा' मोठ्यानं म्हणायच्या. आपल्या शब्दांत म्हणा म्हटलं की गप्प. ज्या बायांना नळाच्या पाण्यावरून तासभर शब्द पुरतात, त्यांना देवाशी बोलायला एक सापडेना. आशाबाईनं हळूहळू शिकवलं. भाकरी करताना काय मनात येतं तेच म्हणा, म्हणाली. मग एकीनं सासूबद्दल सांगितलं, एकीनं पोराच्या नोकरीबद्दल. दुसऱ्या महिन्यात तीन-चार जणींचे हात खांद्याच्या वर जायला लागले. पण माणसं आठ-नऊच. सणावाराला पाच. हरेगावच्या यात्रेच्या आठवड्यात ती आणि लीलाबाई दोघीच बसल्या आणि दोघींसाठी सतरंजी फार मोठी झाली.

इकडे घरात वेगळंच घडलं. मोनिका शहरातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. एका संध्याकाळी बापाला उचलताना तिच्या पांढऱ्या ड्रेसला ओट्याचा चिखल आणि बापाच्या तोंडचं लागलं. दुसरा ड्रेस वाळला नव्हता. सकाळी तो डाग ओल्या फडक्यानं पुसून, तसाच घालून ती ड्यूटीला निघाली. काकासाहेब दारात चहा पीत होते. त्यांनी तो डाग पाहिला. पोरीनं पाहिलं की त्यांनी पाहिला. संध्याकाळी ते सरळ चालत आत आले. चार दिवसांनी मोनिकानं त्यांना तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या.

त्या पहिल्या संध्याकाळीच ते आशाबाईला म्हणाले होते, "कुनाला सांगू नको. नाताळापर्यंत तरी नको. मला जमतंय का, माझं मला बघू दे."

तिनं हो म्हणून मान हलवली होती.

ते दिवस कसे गेले म्हणाल, तर घरात कुणी आजारी पोर झोपलं असावं आणि सगळ्यांनी टाचा उचलून चालावं, तसे. त्यांच्या हातून चहा अर्धा बशीत सांडायचा. खिशात गूळ-शेंगदाणे असायचे, तल्लफ आली की तोंडात टाकायचे. नवव्या दिवशी सुटी होती. त्यांनी पलंगाखालून पेटी काढली. भात्याला उंदरानं कुरतडलं होतं. ते रबराच्या पट्टीनं चिकटवून, वर जुन्या साडीचा तुकडा लावून दुपारभर बसले. मग दार लोटलं आणि उरलेल्या बोटांनी एक जुनं भक्तिगीत वाजवायला घेतलं. जिथं मधली बोटं लागायची तिथं सूर गाळत होते. स्वयंपाकघरात आशाबाईच्या हातातली भाकरी थापायची थांबली. तवा तापून धूर आला तरी तिला कळलं नाही.

आणि दोन दिवसांनी तीन महिन्यांतला शेवटचा शुक्रवार होता.

त्या दिवशी मोठे फादर स्वतः येऊन मागं खुर्चीवर बसले. सतरंजीवर आठ बाया. गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि आता काय, म्हणून बाया एकमेकींकडे बघू लागल्या. लीलाबाई आशाबाईच्या कानाशी आली. "साक्ष नाय तर सभा नाय, आशे. देव तुझ्या घरात येऊन बसलाय अन् तू दार लावून घेतलंय. धा-अकरा दिवस झाले, तुझ्या ओट्यावर कुनी बसलं नाय. मला काय डोळे नायत?"

आशाबाईला वही आठवली. आभार आधी मानायचे. लाजतो त्याची कृपा आटते. तिला मान हलवलेलीही आठवली. पण मागं फादरांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि ती उभी राहिली.

"प्रभूनं माझ्या मालकांची दारू सोडवली," ती म्हणाली.

किती दिवस झाले ते तिनं सांगितलं नाही. गोळ्या सांगितल्या नाहीत. मोनिकाचा ड्रेसही नाही. ओटा मात्र सांगितला, बगलेत हात घालून उचलणं सांगितलं, पडदा सांगितला. सांगता सांगता तिला रडू फुटलं आणि समोरच्या आठही जणींचे हात एकदम वर गेले. तीन महिने ती ज्याची वाट पाहत होती ते त्या खोलीत झालं. एक म्हातारी तर उभी राहून थरथरायला लागली. आपण खोटं बोललो असं आशाबाईला तेव्हा अजिबात वाटलं नाही. बी पेरल्यावर शेताला हिरवं म्हणावं, तसं तिनं म्हटलं होतं.

दारात फादरांनी विचारलं, "किती दिवस झाले, आशाबाई?"

"झाले की बरेच, फादर."

हे मात्र खोटं होतं, आणि ते तिला तेव्हाच कळलं. फादर म्हणाले, गट चालू द्या.

रविवारी मिस्सा सुटल्यावर काकासाहेब पुरुषांच्या बाजूनं बाहेर आले आणि एकानं येऊन त्यांचा हात हातात घेतला. मग दुसऱ्यानं. "लई बरं वाटलं ऐकून, काकासाहेब." "आमच्या धाकट्यासाठी बी प्रार्थना करा." त्यांना आधी कळेना. मग कळलं. त्यांनी बायकांच्या बाजूला उभ्या असलेल्या आशाबाईकडे पाहिलं. तिनं चप्पल शोधायच्या निमित्तानं मान खाली घातली.

घरी आल्यावर त्यांनी पेटी उचलून पलंगाखाली ठेवली. "नाताळ लई लांब व्हता का गं?" असं म्हणाले, आणि तो विषय त्यांच्याकडून तिथंच संपला. मोनिका मात्र बोलली. नव्वद दिवस तरी आम्ही दवाखान्यात सुटली असं धरत नाही, आणि तू अकराव्या दिवशी पेढे वाटून आलीस, म्हणाली. आशाबाईनं तिला सांगितलं की तुझ्या डॉक्टरलाही बुद्धी देणारा देवच आहे. वाक्य बरोबर होतं. तरी म्हणताना तिचा आवाज नको इतका मोठा झाला.

पुढच्या शुक्रवारी एकतीस माणसं आली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी खोली पुरेना. बायांनी पिशव्यांतून नवऱ्यांचे शर्ट आणले होते. जो माणूस प्रार्थनेला येत नाही त्याचा अंगावरचा कपडा आणायचा, त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, तो न धुता त्याच्या अंगात घालायचा. ही रीत आशाबाईनंच रिट्रीटवरून आणली होती, पण तीन महिन्यांत एकीनंही शर्ट आणला नव्हता. आता क्रूसासमोर शर्टांची चळत लागली. निम्मे तर कंपन्यांचे निळे, एकसारखे. खोलीत घामाचा, तंबाखूचा आणि शिळ्या दारूचा वास भरायचा आणि त्यावर पन्नास हात.

ज्याच्या नावावर हे चाललं होतं तो माणूस मात्र रस्त्यानं चालू शकेना. कॉलनीच्या कोपऱ्यावर चहावाल्यानं विचारलं, "काय पास्टर, चहा तरी चालतो ना?" एका बाईनं भर चौकात त्यांच्या पाया पडून आपल्या नवऱ्याचा शर्ट पुढं केला, म्हणाली, तुमचा हात लागू द्या. त्यांनी तो तीन बोटांचा हात खिशातून बाहेरच काढला नाही. लीलाबाई तर माणसं घरीच आणायला लागली, लग्नाची पोरगी दाखवावी तसे काकासाहेब दाखवायला. पूर्वी ओट्यावर बसलेल्या माणसाकडे कुणी बघत नव्हतं. आता आत बसलेल्याकडे सगळे बघत होते. तल्लफ आली तर गूळ तोंडात टाकायलाही आडोसा उरला नाही, कारण सुटलेल्या माणसाला तल्लफ कसली?

एकतिसाव्या दिवशी त्यांनी घेतली. घरी आले नाहीत. फोन केला की आता दुहेरी ड्यूटी आहे, गेटच्या खोलीतच राहीन. आवाजावरून आशाबाईला कळलं. पंचवीस वर्षं ऐकलेला आवाज होता तो. "जेवन?" तिनं विचारलं. "बघतो," म्हणाले. मग ते रविवारीही येईनासे झाले. गटात कुणी विचारलं की ती सांगायची, दुहेरी ड्यूटी हाय. सांगताना हसायचीही. लीलाबाई तिच्याकडे एकदा नीट बघायची आणि पुढचं गाणं सुरू करायची.

गटात रूपा नावाची एक पोरगी यायची. पंचविशीची, फर्दापूरकडची. नवरा कंपनीत, पिऊन मारायचा म्हणून ती माहेरी निघून गेली होती. माहेरच्यांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात टाका, मगच पाठवतो, असं धरून ठेवलं होतं. आशाबाईची साक्ष तिला तिच्या जावेनं फोनवर सांगितली आणि रूपा आपण होऊन परत आली. दर शुक्रवारी पहिल्या ओळीत बसायची, शर्ट नीट घडी करून आणायची. मोनिकानं तिला एकदा केंद्राचा पत्ता लिहून दिला तर म्हणाली, "काकांची तर नुसत्या प्रार्थनेनं सुटली ना, ताई?" मोनिकानं आईकडे पाहिलं. आईनं सतरंजी झटकायला घेतली.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रूपा आली ती डोक्यावरून पदर ओढून. बसताना पदर सरकला. जबडा एका बाजूनं निळा, सुजलेला. आशाबाई शेजारी जाऊन बसली. रूपाला नीट बोलता येत नव्हतं, तरी हसत होती. "माझाच विश्वास कमी पडतोय, मावशी. तुमच्यासारखा नाय ना माझा."

आशाबाई उठली. गाणं चालू होतं ते तिनं हातानं थांबवलं. आणि साक्ष द्यायला उभं राहतात तशीच, क्रूसाकडे पाठ करून, माणसांकडे तोंड करून उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं. मी उभी राहिले तेव्हा अकराच दिवस झाले होते. गोळ्या चालू होत्या, त्या मी लपवल्या. कुणाला सांगू नको असं मालकांनी सांगितलं होतं, तरी सांगितलं. ते पुन्हा प्यायला लागले, त्याला महिना होऊन गेला. ते घरात नाहीत. "रूपा, तुझा विश्वास कमी नाय पडला. माझं तोंड जास्त चाललं."

मागून एकीच्या तोंडून सवयीनं "हालेलुया" निघालं आणि अर्ध्यातच विझलं. साक्ष दिल्यावर काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं. साक्ष परत घेतल्यावर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. मग रूपा उठली. चळतीतून तिनं आपला शर्ट शोधला, घडी केली, पिशवीत घातला आणि बाहेर पडली. तिच्या मागून बाकीच्या. दोघीजणी दोन निळे शर्ट हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या; कॉलर उलटून बघत होत्या, कुठला कुणाचा.

शेवटी लीलाबाई राहिली. "मला तरी आधी सांगायचं आशे."

"तुला डोळे व्हते ना," आशाबाई म्हणाली.

लीलाबाईनं गुडघ्याला हात लावून उठायचा प्रयत्न केला. आशाबाईनंच तिला बगलेत धरून उठवलं.

फादरांना सांगायला ती ऑफिसात गेली. रागावतील, चारचौघांत बोलतील, अशी तयारी करून गेली होती. ते म्हणाले, "वीस हा आकडा मीच घातला होता." मग बराच वेळ टेबलावरचं पेन इकडचं तिकडं करत, पोरांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, कम्युनियनच्या, तयारीचा वर्ग वाढलाय, शुक्रवारची खोली लागेल असं म्हणाले. तिनं किल्ली टेबलावर ठेवली.

शनिवारी ती चितेगावला गेली. डब्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. मनात एकच होतं. आपण घातलेली गाठ आपण सोडवली. आता कुणी त्यांना पास्टर म्हणणार नाही, कुणी शर्ट पुढं करणार नाही. हे त्यांना सांगायचं आणि घरी चला म्हणायचं. लिंक रोडनं रिक्षात बसल्या बसल्या तिनं ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं.

गेटवर काकासाहेब खुर्चीत होते. वाळलेले, दाढी वाढलेली; पण दिवसाचे शुद्धीत होते. वर कॅमेरा होता आणि गोदामाचा नियम होता, आलेल्याची नोंद करायची. त्यांनी वही ओढली. नाव लिहिलं. कुठून, ते लिहिलं. कुणाला भेटायचं, तिथं स्वतःचं नाव लिहिलं. कामाच्या रकान्याशी क्षणभर थांबले आणि त्या उरलेल्या बोटांत पेन धरून, न विचारता, 'खासगी' असं लिहिलं. मग दुसरी खुर्ची सरकवली.

तिनं सांगितलं. रूपाचा जबडा सांगितला, आपण उभं राहिलो ते सांगितलं, शर्ट गेले, किल्ली गेली, सगळं. त्यांनी मध्ये एक ट्रक आत घेतला, परत येऊन बसले.

"मंजी मी परत प्यायला लागलो, ते बी सांगितलं?"

"सांगितलं. खरं ते सांगितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

ते गेटच्या सळ्यांतून रस्त्याकडे बघत राहिले. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. "आशा," ते म्हणाले, "सुटली तवा बी तूच सांगितलं. नाय सुटली तवा बी तूच सांगितलं. मला एकदा तरी इचारायचं व्हतंस."

घरी चला हे चार वेळा घोकलेलं वाक्य तिनं तोंडाशी आणलं आणि गिळलं. हे त्यांनी म्हणायचं होतं, आणि ते म्हणाले नाहीत. तिनं डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. गुळाची पुडी पाहिली, हातात घेतली, आणि खिशात न टाकता परत डब्याच्या झाकणात ठेवली.

तास-दीड तास ती तिथं बसली. मास्तरांच्या घरातल्यासारखी, हात मांडीवर, आवाज नाही. प्रार्थना करावीशी वाटली, पण कशासाठी मागायचं हे तिला सुचेना. त्यांच्यासाठी काही मागायचं तर आधी त्यांना विचारायला हवं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

ऊन उतरलं तशी ती उठली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत जाण्याची वेळ लिहिली आणि सहीसाठी पेन पुढं केलं. तिनं सही केली.

"पुढल्या शनिवारी येऊ का?" तिनं विचारलं.

त्यांनी वही मिटली. बाहेर हॉर्न वाजत होता, ते गेट उघडायला गेले. ट्रक आत गेला, धूळ खाली बसली, तरी ती तिथंच उभी होती.

"फोन करून ये," ते म्हणाले.